आवराआवरीसाठी एनिड

पोर्ट हॅली
९ डिसेंबर १९९२

प्रिय क्लेम,

अभिनंदन कर. तुझी भावजय अध्यक्ष झाली. देशाची नाही, आपल्या सेवा क्लबाची, तेव्हा लगेच विमानाचं तिकीट काढू नकोस.

निवडणूक कशी होते हे तुला सांगायला नको, तू स्वतः ती दोनदा भोगली आहेस. निवडणुकीच्या जेवणाला नाव पुकारायच्या वेळी जो खोलीबाहेर असेल, त्याच्या गळ्यात अध्यक्षपदाची साखळी. म्हणून त्या संध्याकाळी गावातले सभ्य पुरुष बिअरला हात लावत नाहीत, पाय आवळून बसतात आणि याला परंपरा म्हणतात. मी मेली बावळट. ग्रेव्ही आटत होती म्हणून स्वयंपाकघरात गेले. चार वर्षं झाली मला सभासद होऊन. बायकांना घ्यायला लागल्यापासूनची पहिली आणि आजवरची एकुलती एक बाई, पण ग्रेव्ही आटतेय हे त्या खोलीत फक्त मलाच दिसतं. परत आले तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, ग्रेव्हीसाठी.

मर्व पेनरोझ यंदाचा अध्यक्ष आहे हे तुला माहीतच आहे. धान्याचे सौदे करताना जो चेहरा असतो तोच चेहरा करून म्हणाला, "एनिड, क्लब आता योग्य हातांत आहे." नित्श्के खाटकाने तर डोळे पुसले. त्याला रडताना मी याआधी फक्त मेंढ्यांचा भाव पडला तेव्हा पाहिलं होतं.

आता पुढची गंमत. जुलैत खुर्चीवर बसण्याआधी मार्चमध्ये अ‍ॅडलेडला दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर. ते केल्याशिवाय खुर्ची नाही. तयारीसाठी विटेएवढी फाइल आली आहे. पहिल्याच पानावर प्रश्न: 'तुमच्यातला नेता कधी जागा झाला?' मी लिहिलं, रोज पहाटे, कोंबड्यांना दाणे टाकायला.

शिबिरात प्रत्येकाने उभं राहून आपल्या वर्षाचं एकच ध्येय सांगायचं असतं. माझं ठरलंय. क्लबाची रुग्णांना नेणारी गाडी चालू ठेवायची. बस बंद झाली, बँक बंद झाली, आता बर्टी गर्शला डायलिसिसला नेणारं आपल्या गाडीशिवाय कोण आहे? आठवड्यातून तीनदा, जायला दोन तास, यायला दोन तास. गाडी गेली तर त्याला रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावं लागेल. तो म्हणतो, त्यापेक्षा मी धक्क्यावरून उडी मारीन. आणि तुझ्या भावाला, माझ्या लेसला, शेवटचं वर्षभर याच गाडीने नेलं होतं, ते मी विसरलेले नाही.

तू दोनदा या शिबिराला गेला आहेस. काय तयारी करू ते लिही.

तुझी
एनिड


हर्वी बे, क्वीन्सलंड
२९ डिसेंबर

माननीय श्रीमती अध्यक्ष-नियुक्त,

पत्र उभं राहून वाचलं. इथे सगळं झकास. खिडकीतून समुद्र दिसतो. ख्रिसमसला कोळंबी खाल्ली, एकट्याने, म्हणजे भरपूर.

शिबिराची तयारी म्हणजे पोटाची तयारी. दोन दिवस एकच कोंबडी वेगवेगळ्या नावांनी वाढतात. सोनेरी कोट घातलेला एक माणूस विचारेल, "तुम्ही उत्साहात आहात का?" सगळे ओरडतील, "हो!" तो म्हणेल, "ऐकू नाही आलं!" त्याला व्यवस्थित ऐकू आलेलं असतं. तू ओठ हलव.

ध्येयाचं म्हणशील तर पहिल्या वर्षी मी जाहीर केलं होतं, सभासद दुप्पट करणार. वर्षअखेर दोघं वारले आणि एक जण शेजारच्या विल्गाबीला राहायला गेला, जे आपल्या गावात वारण्यापेक्षा वाईट समजतात. दुसऱ्या वर्षी तेच भाषण पुन्हा वाचलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

तेव्हा माझं ऐक. सभासदवाढ म्हण आणि खाली बस. गाडीबिडीचं काढू नकोस, त्याचं काय करायचं ते मर्व आणि मंडळी बघतील. वर्षभर घंटा वाजव, राणीच्या नावाने पेला उचल, पाहुण्या वक्त्याला पेन भेट दे. डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

तुझा
क्लेम


पोर्ट हॅली
७ फेब्रुवारी १९९३

प्रिय क्लेम,

तुझा सल्ला मिळाला. तो मी कोंबड्यांना वाचून दाखवला, त्यांना आवडला.

फाइलमध्ये गृहपाठ आहे. प्रत्येक सभासदाला घरी जाऊन भेटायचं आणि विचारायचं, 'पुढच्या वर्षी क्लबाने काय करावं असं तुमचं स्वप्न आहे?' गेले. तुला म्हणून सांगते, या गावात स्वप्नं फार स्वस्त मिळतात. एकाला जेवणात कोबी नको. दुसऱ्याला सभा लवकर संपावी असं वाटतं, कारण टीव्हीवर क्रिकेट असतं. नित्श्केला विचारलं, "पुढच्या वर्षीच्या जत्रेला सॉसेज किती लागतील?" तर तो खिमा दळायचं यंत्र चालू करून म्हणाला, "ऐकू येत नाही." यंत्र बंद होतं तेव्हाही त्याला ऐकू येत नव्हतं. आणि मर्व म्हणाला, "काहीही लिही ग एनिड. तुझ्या अक्षरात सगळंच छान दिसतं."

एक गोष्ट मला कळली. पुढच्या वर्षाचं काढलं की सगळे बुटांकडे बघतात. मी विचार करून शोधून काढलं की का. बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणून लाजतात बिचारे! मर्व एकोणसाठ वर्षांचा घोडा, पण लाजतो. मी ठरवलंय, त्यांना सांभाळून घ्यायचं. आवाज चढवायचा नाही.

भाषणाची तालीम मंगळवारी गाडीत करते, कारण मंगळवारची पाळी माझी आणि बर्टी पट्टा बांधून बसलेला असतो, पळून जाऊ शकत नाही. पहिल्यांदा ऐकून म्हणाला, "फार लांब. मला दोनदा मरण आलं." दुसऱ्यांदा म्हणाला, "यात 'आपण सर्वांनी मिळून' किती वेळा येतं! गाडी तू चालवतेस. सर्वांनी मिळून चालवली तर खड्ड्यात जाईल." त्यावर मी बराच भाग कापला.

येताना तो राखेसारखा पांढरा असतो, पण गावची पाटी दिसली की टोपी घालतो. कोणी बघितलं तर बरं दिसावं म्हणून.

खरं सांगू? मला हे आवडायला लागलंय. लेस गेल्यापासून मी पहिल्यांदाच पुढच्या वर्षाचा विचार करते आहे.

तुझी
एनिड


हर्वी बे
२० फेब्रुवारी

प्रिय एनिड,

शिबिराला जाऊ नकोस. ताप आला म्हणून कळव. तू गेली नाहीस तर नियमाने तुला खुर्चीवर बसता येणार नाही आणि मर्वला आणखी काही महिने ओढावं लागेल. ओढेल तो, काही मरत नाही.

तू फार मनावर घेते आहेस. मी थट्टा करत नाही. समुद्राची हवा खायला इथे ये, खोली रिकामीच आहे.

क्लेम


पोर्ट हॅली
१५ मार्च

क्लेम,

ताप मला आला नाही. तुला यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

क्रमाने सांगते. दारातच एका पोरीने माझ्या हातात कात्री आणि कार्नेशनची जुडी दिली आणि एका खोलीत बसवलं. अर्धा तास मी मुकाट्याने फुलं खोचली. नेतृत्वाची सुरुवात अशीच होत असेल, म्हटलं. मग कळलं, तो अध्यक्षांच्या बायकांचा कार्यक्रम होता. मोठ्या सभागृहात पोचले तर साठ पुरुष जमिनीवर बसून सरबताच्या नळ्यांचा मनोरा बांधत होते. फुलं बरी होती.

दुसऱ्या तासाला सभा कशी चालवावी, मतदान कसं घ्यावं ते शिकवलं. सगळे पेंगत होते. मी जागी होते, कारण माझ्या शेजारचा माझ्या खांद्यावर पेंगत होता.

आणि मग जेवणाच्या रांगेत सोनेरी कोटवाला आला. फर्गस बॉयड, या सगळ्या क्लबांचा वरचा प्रमुख. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "मिसेस रोवेट, शेवटचं वर्ष पत्करायला मोठं मन लागतं."

मी म्हटलं, "कोणाचं शेवटचं?"

त्याच्या ताटातली कोंबडी घसरली. "म्हणजे... विल्गाबीच्या क्लबात विलीन व्हायचं ठरलंय ना तुमचं? तुमच्या दिराने नोव्हेंबरात फोन केला तेव्हा म्हणाला, या कामाला एनिडच योग्य. आवराआवर तिच्याइतकी नीट कुणाला जमत नाही. लेसचंही तिने सगळं आवरलं, एका शब्दाने कुरकुर केली नाही."

नोव्हेंबरात, क्लेम! ग्रेव्ही डिसेंबरात आटली. ती आटली नसती तर मला खोलीबाहेर काढायला तुम्ही ओव्हनला आग लावली असतीत ना?

म्हणजे मी लाजाळू पुरुषांना सांभाळून घेत होते आणि ते माझ्या हातात केरसुणी देऊन उभे होते. गाडी विल्गाबीला जाणार. तिथून आपल्या गावात येऊन, बर्टीला घेऊन, उलट फिरून रुग्णालयात कोण नेणार आहे? हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि लेसच्या आजारपणाबद्दल तू एका परक्या माणसाशी फोनवर असा बोललास, जणू मी जेवणानंतरची भांडी घासली.

स्वच्छतागृहात जाऊन रडले. दुःखाने नाही. रागाने. मग तोंड धुतलं आणि माझी पाळी आली तेव्हा वर गेले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "पुढच्या तीस जूनला आमची गाडी चालू असेल. एवढंच." आणि खाली उतरले. बराच वेळ कोणी टाळीही वाजवली नाही, त्यांना वाटलं ही सुरुवात आहे.

एनिड


हर्वी बे
२ एप्रिल

प्रिय एनिड,

चारदा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं, यातही मी बरा दिसत नाही.

फोनवर जे बोललो ते स्तुती म्हणून बोललो. तुला ते तसं ऐकू आलं नाही, ठीक आहे. पण जरा डोळे उघडून बघ. अकरा सभासद, त्यातला मी एक, तोही फक्त नावापुरता, रजेवर, दीड हजार मैलांवर. उरलेल्यांचे मिळून गुडघे धड चार. फुटबॉलचा संघ विल्गाबीत गेला, शाळेचे वरचे वर्ग गेले, क्लबच तेवढा काय अमर आहे? संपणारच होतं. संपवायला कोणी तयार नव्हतं एवढंच. मर्वच्या बापाने क्लब काढला, आता अध्यक्षांच्या फलकावर सगळ्यांत खाली, शेवटचा म्हणून, मर्वचं नाव यावं हे त्याला सहन होईना. नित्श्केलाही होईना. मलाही झालं नसतं. म्हणून तू.

लिहिल्यावर हे जेवढं वाईट दिसतंय तेवढं बोलताना वाटलं नव्हतं.

विल्गाबीवाले म्हणालेत, आधी कळवलं तर गाडी पाठवू. ते पाठवतील की नाही हे मला विचारू नकोस.

कार्यक्रम असा आहे. २९ जूनला पदग्रहणाचं जेवण. आधी मर्व तुझ्या गळ्यात साखळी घालणार, मग लगेच विलीनीकरणाचा ठराव, म्हणजे तो तुझ्या कारकिर्दीत झाला असं लिहिलं जाईल. खुर्चीवरचा माणूस एरवी मत देत नाही, म्हणून तुला सोडून दहा मतं. माझं मत मी मर्वला कळवून ठेवलंय. ते धरून विलीनीकरणाच्या बाजूने सहा, विरोधात चार. शहाणी असशील तर त्रागा करू नकोस.

क्लेम


पोर्ट हॅली
१९ एप्रिल

क्लेम,

कळवून ठेवलेलं मत चालत नाही. हजर राहून हात वर करावा लागतो. मी तपासलं, मर्वला सांगितलं, त्याचा चेहरा पाहायला तू हवा होतास.

तेव्हा ये. गाडी घालवायची असेल तर माझ्यासमोर बसून हात वर करून घालव. मी तुझी मनधरणी करणार नाही. मागची खोली तयार आहे, चादरी धुतल्यात. आवराआवर मला जमतेच म्हणे.

२९ ला मंगळवार आहे. मला त्या दिवशी केस करून घ्यायचेत, आयुष्यात एकदाच गळ्यात साखळी पडते. त्यामुळे बर्टीला तू ने. पहाटे निघायचं. त्याला पुढची सीट लागते आणि तो रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकतो. त्याला ठरावाबद्दल काही सांगू नकोस. त्याला सगळं माहीत आहे.

एनिड


हर्वी बे
८ जुलै

प्रिय एनिड,

विमानतळावर तू विचारलंस आणि मी बॅग शोधत असल्याचं नाटक केलं. बॅग हातातच होती. आता उत्तर देतो.

मी हात वर करायलाच आलो होतो, मर्वच्या बाजूने. जाताना बर्टीने मला दोन तास घोड्यांची वंशावळ सांगितली. ठरावाबद्दल अवाक्षर नाही. चार तास मी रुग्णालयात खुर्चीत बसून जुनी मासिकं वाचली. परत येताना अर्ध्या वाटेत म्हणाला, "जरा थांबव." उतरून कुंपणाच्या खांबाला धरून ओकला. मी नुसता उभा राहिलो, काय करायचं असतं मला माहीत नव्हतं. तू काय करतेस? परत आत बसून तोंड पुसून तो म्हणाला, "माफ कर हं क्लेम, तुझा दिवस फुकट गेला."

माझा दिवस! एनिड, इथे माझे सगळेच दिवस फुकट असतात.

मी विचारलं, "रुग्णालयाजवळ खोली घेतली तर इतका त्रास वाचेल की." तो म्हणाला, "घेतली होती महिनाभर. खोली चांगली होती. पण मी आलो की गेलो हे कुणाला कळत नव्हतं." मग पाटी दिसली आणि त्याने टोपी घातली. पेट्रोल पंपावरच्या बाईने हात केला, त्यानेही केला.

माझ्या खिडकीतून समुद्र दिसतो हे मी तुला प्रत्येक वेळी सांगतो. दोन वर्षांत त्या समुद्राशिवाय इथे मला कुणी ओळखत नाही. गाव सोडताना मी सगळ्यांना सांगितलं होतं, हे गाव संपलं. ते संपायला हवं होतं मला. नाहीतर मी गेलो कशाला?

म्हणून त्या संध्याकाळी मर्वच्या बाजूने हात वर करायच्या वेळी तो माझ्याच्याने उचलला गेला नाही. दुसऱ्या बाजूच्या वेळी उचलला. मर्वने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा गहू जाळला. पाच विरुद्ध पाच! आणि मग तू अगदी गोड आवाजात म्हणालीस, "मतं समान पडली तर निर्णायक मत अध्यक्षांचं असतं. मर्व, साखळी आधी घातलीस ते बरं केलंस." आपलं नाव खाली नको म्हणून त्या शहाण्याने स्वतःच्या हाताने दिलं ते तुला. पन्नास वर्षांत या क्लबात इतकी सुंदर शांतता मी ऐकली नव्हती.

केस छान दिसत होते. तेव्हा बोललो नाही. लेसबद्दल जे बोललो त्याची मला लाज वाटते.

तुझा
क्लेम


पोर्ट हॅली
१४ जुलै

प्रिय क्लेम,

पत्र पोचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. झालं, आता तो विषय नको.

बर्टी ओकला की काय करायचं असतं ते सांगते. पाठीवर हात ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचं.

इथली हालहवाल. मर्व माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. हे वर्ष असंच गेलं तर फारच शांततेत जाईल. नित्श्केने मात्र जत्रेच्या सॉसेजची यादी स्वतःहून आणून दिली, आणि त्याची बायको शनिवारी गाडी चालवायला तयार आहे. ती म्हणते, घरात बसून त्याचं ऐकण्यापेक्षा शर्यती ऐकलेल्या बऱ्या. फर्गस बॉयडचंही पत्र आलं. माझं ध्येय 'प्रेरणादायी आणि थोडक्यात' होतं म्हणे, पुढच्या मार्चमध्ये नव्या अध्यक्षांना सांगायला येता का? मी कळवलं, येते, पण फुलं खोचणार नाही.

यंदाही सगळं सोपं नाही. पाच जण अजून विलीनीकरणवालेच आहेत आणि मी काही कायमची खुर्चीवर नाही. वर्ष मिळालं, एवढंच.

काल मंगळवार होता. जाताना बर्टीला सगळी हकिगत सांगितली, तुझ्या हातासकट. तो ऐकत राहिला. धान्याची कोठारं आली तेव्हा त्याने रेडिओ बारीक केला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यासाठी एवढी भांडाभांडी केलीत तुम्ही?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच."

"मग आता मला मरायचीही सोय ठेवली नाहीत म्हणायची."

म्हटलं, "तीस जूनपर्यंत तरी नाही. अध्यक्षांचा हुकूम आहे."

तो खूप हसला, हसता हसता खोकला, आणि मग खिडकीला डोकं टेकून रुग्णालय येईपर्यंत झोपला. शर्यतींचा निकाल मी त्याच्यासाठी ऐकून ठेवला.

तुझी
एनिड